खोबरेल तेल, रबर आणि आमचा गुरुवार

तेल आणि रबर यांच्या भांडणावर मी पगार घेते. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही रबरी सील बनवतो, म्हणजे इंजिनातलं तेल बाहेर गळू नये म्हणून बसवायच्या त्या काळ्या कड्या. त्या पास की नापास हे ज्या खोलीत ठरतं, तिथे मी नऊ वर्षं काम करते. काम थोडक्यात असं, की रबराचा तुकडा मोजायचा, तेलात बुडवून ठेवायचा, बाहेर काढून परत मोजायचा. फुगला किंवा मऊ पडला, तर नापास. रबर म्हणजे काही एकच रबर नसतं. काहींना तेल चालतं. झाडाच्या चिकापासून केलेलं जे नैसर्गिक रबर, त्याला मात्र तेल टेकवायचंसुद्धा नाही. ते तेल पितं, सुजतं आणि मग नुसत्या बोटानं फाटतं. नवीन माणसं कामाला लागली की पहिल्याच दिवशी मी हे सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो असं सगळे म्हणतात.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव करायची की मला हसायचं, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

लेकीच्या वेळी माझं ऑपरेशन झालं. ठरलेलं नव्हतं, ऐनवेळी करावं लागलं, आणि रक्त बरंच गेलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, निदान दोन वर्षं पुन्हा दिवस राहता कामा नयेत. पोटावरचे टाके दिसतात, गर्भाशयावरचे दिसत नाहीत, पण त्यांनाही भरायला वेळ लागतो. "दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं," त्या म्हणाल्या. नवऱ्याने मान इतक्या जोरात हलवली की तशातही मला हसू आलं. त्यांनी तांबी बसवायचं सुचवलं होतं. मी "बघू" म्हटलं, कारण त्या दिवसांत माझ्या अंगात कोणी आणखी काही बसवावं असं मला अजिबात वाटत नव्हतं. मग कंडोम वापरायचे ठरले.

दुखेल असं मात्र कोणी बोललं नव्हतं. बाळंतिणीने काय खावं, कान कसे बांधावेत, पंखा किती लावावा, याबद्दल आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक बाईचं ठाम मत होतं. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईंनी मला डिंकाचे लाडू कमी खाते म्हणून झापलंही होतं. पण बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईचं अंग आतून कोरडं पडतं, आणि नवऱ्याजवळ गेलं की खरचटल्यासारखं होतं, हे एकीनेही सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय. दोनदा मी दात आवळून गप्प बसले. तिसऱ्यांदा सरळ बोलले. तो चटका बसल्यासारखा लांब झाला आणि पुढचे दोन आठवडे माझ्याशी पाहुण्यासारखा वागला.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. आम्ही राहायला रहाटणीत. नवरा चाकणलाच दुसऱ्या एका कंपनीत फिटर आहे. सासूबाई सहा दिवस आमच्याकडे राहून नातीला सांभाळतात आणि गुरुवारी सकाळच्या बसने चाकणजवळच्या आपल्या गावी जातात, शेत बघायला आणि माझ्या स्वयंपाकापासून सुट्टी घ्यायला. दुपारी लेक दोन तास झोपते. सगळी सोसायटी सुस्त असते, कुठेतरी कुकरची शिट्टी होते, आणि ते दोन तास आमचे असतात. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. गुरुवारी तो अरे असतो.

अशाच एका गुरुवारी मला युक्ती सुचली. खोबरेल तेल. लेकीच्या मालिशचं, घाण्यावरून आणलेलं, कपाटात होतंच. मुलीच्या नाजूक अंगाला चालतं ते मला का चालणार नाही? आणि चाललं की! कित्येक महिन्यांनी मला कुठेही दुखलं नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की संध्याकाळी उगाचच शिरा केला. नवरा म्हणाला, "तुला पेटंट घ्यायला पाहिजे." मीही मनातल्या मनात घेऊन टाकलं.

पुढच्या गुरुवारी कंडोम फाटला.

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी मात्र भडकले. असला कसला माल विकतात, म्हणून तावातावाने बोलत मीच औषधाच्या दुकानात गेले, बहात्तर तासांच्या आत घ्यायची ती गोळी आणली आणि गिळली. दुसऱ्या कंपनीचे महागातले कंडोम आणले. मधले दोन गुरुवार भीतीत गेले. तिसऱ्या गुरुवारी हिंमत केली, पुन्हा खोबरेल तेल घेतलं, आणि तो महागातलाही फाटला.

आता मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसरी गोळी गिळली आणि त्याच दुपारी, लेक झोपलेली असताना, मी तक्रार लिहायला बसले. साधी नाही, रीतसर. माझ्या बॅगेत आमच्या कारखान्याचा तक्रारीचा छापील कागद होता. गिऱ्हाईक ओरडत आलं की आम्ही तो भरून घेतो. म्हटलं, याच नमुन्यात लिहिते, म्हणजे पलीकडच्या माणसाला कळू दे की आपली गाठ कोणाशी आहे. मी एकेक रकाना भरत गेले. वस्तूचं नाव. बिघाडाचं स्वरूप: वापरताना फाटले, दोनदा, दोन वेगळे उत्पादक. साठवण: कपाटात, कोरड्या जागी. मुदत: बाकी आहे. माझं अक्षर रागात फार सुंदर येतं. मग पाचवा रकाना आला. 'वस्तू कशाच्या संपर्कात आली होती?'

हा रकाना माझा लाडका आहे. मागच्याच वर्षी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका मालकाने आमची सील फुगली म्हणून फोनवर अर्धा तास तोंडसुख घेतलं होतं. त्याला मी थंडपणे हाच प्रश्न विचारला होता. त्याने चुकीच्या तेलात घातली होती. "भाऊ," मी त्याला म्हणाले होते, "वापरायच्या आधी वाचत जा ना."

मी लिहिलं, 'खोबरेल तेल.' आणि पेन तिथेच थांबलं.

कंडोमचं पाकीट उचलून मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचलं. नैसर्गिक रबर लेटेक्स. खाली आणखी बारीक अक्षरात लिहिलं होतं, तेल किंवा तेलकट मलम सोबत वापरू नये. मी कपाळावर हात मारला, तो चांगलाच जोरात लागला. नऊ वर्षं जी बाई लोकांना सांगते की या रबराला तेल टेकवू नका, तिने आपल्या पलंगावर नेमकं तेच केलं होतं, वर शिराही केला होता.

खरं सांगते, लाज वाटायच्या आधी मला जो आनंद झाला तो मला सांगता येत नाही. बिघाडाचं कारण सापडलं की आमच्या खोलीत जसं होतं तसंच झालं. माझ्यात काही खोट नव्हती, त्याच्यात नव्हती, नशिबातही नव्हती. चूक तेलाची होती, आणि तेल बदलता येतं. मी स्वयंपाकघरात धावले. एका कंडोमवरचा बुळबुळीतपणा साबणाने धुतला, पुसून कात्रीने त्याच्या सारख्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या वहिनीने लेकीला दिलेल्या खेळण्यातल्या मोजपट्टीने मोजल्या. तीन वाट्या घेतल्या. एकीत खोबरेल तेल, एकीत ओठांना लावायची पेट्रोलियम जेली, एकीत साधं पाणी. प्रत्येकीत एक पट्टी टाकली आणि घड्याळ बघत उभी राहिले.

नवरा लेकीला कडेवर घेऊन उठून आला तेव्हा मी चिमट्याने पट्ट्या काढत होते. पाण्यातली होती तेवढीच होती. तेलातली लांब झाली होती, लुळी पडली होती, आणि मी दोन बोटांनी जरा ताणल्यावर काही आवाज न करता तुटली. जेलीतलीही तशीच.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"फाटण्याचं कारण," मी म्हणाले. "आपण."

सगळं ऐकून तो खुर्चीत बसला. "आणि पेटंट?" तो हळूच म्हणाला. मी त्याला मारायला चिमटा उगारला. लेक खदखदून हसली, तिला वाटलं खेळ चाललाय.

पट्ट्या परत वाट्यांत टाकून मी त्या फ्रिजवर ठेवल्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत काय होतं ते बघायला. घाईत विसरले. शुक्रवारी सकाळी सासूबाई गावाहून परतल्या आणि त्यांची नजर पहिली तिथेच गेली. "ह्या वाटीत काय भिजत घातलंया गं?"

"कंपनीचं काम आहे, आई. रबर तपासतेय."

त्यांनी वाटीत वाकून बघितलं. "ओव्हरटाइम देत्यात का ह्याचा?"

"नाही."

"मग कशाला घरी आनतीस? आन् पोरीचं त्याल त्यात वततीस व्हय?" असं म्हणत त्यांनी तीनही वाट्या मोरीत रिकाम्या केल्या. माझा पुरावा वाहून गेला, पण मला जे कळायचं ते कळलं होतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चिंचवडला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी न लाजता सगळं सांगितलं, खोबरेलासकट. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. कोरडेपणा अंगावर पाजण्यामुळे आहे, त्या म्हणाल्या, पाजणं कमी झालं की तोही जाईल, तोपर्यंत वंगण वापरा. दुकानात जेल मिळतं. पाण्याच्या आधाराचं किंवा सिलिकॉनचं घ्या, दोन्ही कंडोमला चालतात. गरम वाटणारं, सुगंधी, चवीचं नको, आग होऊ शकते. आणि ती गोळी अडीनडीची आहे, नेहमीची नाही. तिने पाळी मागेपुढे होईल. उशीर झाला तर तपासणी करून बघा.

"हे बाळंतपणानंतर सांगायला नको होतं का?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच.

"तुम्ही विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण बरोबर आहे. आम्हीच सांगायला हवं."

येताना गाडी आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानासमोर थांबवली, तर नवरा हलेना. हा दुकानदार आईला ओळखतो, आपण पिंपळे सौदागरला जाऊ, असं त्याचं म्हणणं. पिंपळे सौदागरच्या दुकानात त्याच्या कंपनीतला कोणीतरी दिसला. मग त्याने लेकीला घेऊन बाहेर फुगे बघायचं ठरवलं, आणि आत मी गेले.

"कंडोमबरोबर चालेल असं वंगणाचं जेल दाखवा," मी म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने इकडेतिकडे बघितलं, एक ट्यूब काढली आणि मी हात लावायच्या आत ती वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला.

"गुंडाळू नका. मला वाचायचंय."

"चांगलं आहे ताई, सगळे हेच नेतात."

"म्हणूनच वाचायचंय."

मग मी तिथे उभी राहून वाचलं. त्याने नाइलाजाने आणखी तीन काढून ठेवली. एकावर स्ट्रॉबेरीचं चित्र होतं, ते बाजूला. एकात गरमपणाचं वचन होतं, तेही बाजूला. एक पाण्याचं होतं, लेटेक्स कंडोमला चालतं असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं, वास नाही, रंग नाही. एक सिलिकॉनचं. मुदत बघितली, सील बघितलं. माझ्यामागे एक बाई खोकल्याच्या औषधासाठी थांबल्या होत्या. मला वाटलं वैतागल्या असतील. त्या पुढे झाल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "कुठलं बरं आहे, ते मलाही सांगा." आम्ही दोघींनी मिळून ती लेबलं वाचली. दुकानदार बिचारा कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला. शेवटची दोन्ही घेऊन बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. नवऱ्याने विचारलं, इतका वेळ? मी म्हटलं, मीटिंग होती.

घरी दोन्ही जेल पास व्हायलाच हवी होती. या वेळी वाट्या मी आमच्या खोलीच्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या. दोन्हींतल्या पट्ट्या दुसऱ्या दिवशीही जशाच्या तशा निघाल्या, ताणल्या तरी तुटल्या नाहीत. दोन्हींचा एकेक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघितला, कुठे लाल झालं नाही. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं खरं, पण सांडलेला एक थेंब फरशीवरून पुसला जाईना आणि नवरा त्यावरून घसरून दाराला धडकला. पाण्याचं लवकर सुकतं, पण ओलं बोट लावलं की परत जिवंत होतं, आणि नुसत्या धुण्याने निघतं. घरात रांगणारं मूल असताना याहून मोठं कारण नको. मी निकाल दिला, पाण्याचं. नवरा गुडघा चोळत म्हणाला, "मान्य."

पण ट्यूब तशीच कपाटात राहिली, कारण माझी पाळी आली नव्हती. चार दिवस झाले, सहा झाले. वाट्यांच्या नादात मी जी भीती बाजूला सारली होती ती आता मोशीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. दिवस राहिले असतील तर? टाके भरले नसतील तर? सकाळी घरीच तपासणी केली, एकच रेघ आली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आठवड्याने परत करा. त्या आठवड्यात मी कारखान्यात तीन चांगल्या कड्या नापास केल्या आणि एका ट्रेनीवर विनाकारण ओरडले. नवरा नुसता दर दोन तासांनी मेसेज करायचा, 'जेवलीस?' मला त्याचा राग यायचा. वाटायचं, याला नेमकं काय झालंय हे कळतं तरी का?

बुधवारी दुपारी, कामाच्या मधेच, पाळी आली. मी बाथरूममध्ये भिंतीला टेकून हसले आणि रडले आणि परत हसले. त्याला मेसेज केला, 'आली.' त्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही. घरी आला तो दोन किलो जिलेबी घेऊन. सासूबाई म्हणाल्या, "आज काय सन हाय व्हय?" तो म्हणाला, "हाय."

त्याच्या पुढच्या गुरुवारी सासूबाई बसने गेल्या, लेक झोपली, आणि आम्ही ट्यूब उघडली. मी काय सांगू? दुखलं नाही. एकदाही नाही. मधेच सुकलं तेव्हा त्याने वाटीतलं पाणी घेतलं आणि ते इतकं गार होतं की मी किंचाळले, मग लेक उठेल म्हणून आम्ही एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून हसत राहिलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला नव्याने लग्न झाल्यासारखं वाटत होतं.

नंतर मी कंडोम घेऊन बाथरूममध्ये गेले आणि नळाखाली पाण्याने भरला. फुग्यासारखा टम्म झाला, एक थेंब गळला नाही. "पास!" मी आतून ओरडले. वाटलं, तो हसेल.

हसण्याचा आवाज आला नाही म्हणून बाहेर बघितलं, तर तो दाराच्या चौकटीला टेकून जमिनीवर बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी शेजारी बसले.

"तुला ऑपरेशनला आत नेलं ना," तो म्हणाला, "तेव्हा त्यांनी माझ्याकडून कागदावर सही घेतली. काय लिहिलंय ते सांगितलं त्यांनी. रक्त आणायला मी पळालो. जिन्यावर थांबलो आणि देवाला म्हटलं, हिला वाचव, मी परत हिच्याजवळ जाणार नाही. शब्द दिला."

"मग आलास की जवळ," मी म्हणाले, थट्टेनेच.

"हो. आणि दोन्ही वेळा फाटलं तेव्हा मला वाटलं, शब्द मोडला म्हणूनच. तू वाट्या मांडून बसली होतीस तेव्हासुद्धा मला तसंच वाटत होतं."

दहा महिने हा माणूस हे एकटा घेऊन फिरत होता, आणि मी समजत होते की तो लाजतोय. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्हींत फरकच करता येईना. मी त्याचं डोकं माझ्या खांद्यावर ओढून घेतलं.

"असला शब्द देण्याआधी मला विचारायचंस ना," मी म्हणाले.

"तू शुद्धीवर नव्हतीस," तो म्हणाला.